प्रार्थना करून थकलात ताई? मग आशेबद्दल जरा वेगळं बोलू

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यांच्या मागे धावता धावता तुमची नोकरी सुटली, उपवास झाले, रात्रभराच्या प्रार्थना झाल्या, आणि वर एका सभेत स्टेजवरून ऐकवलं की 'बहिणी, तुझा विश्वास कमी पडतोय'. आता बायबल हातात घेतलं तरी उघडवत नाही, मुलगा विचारतो पप्पा बरे होणार ना, आणि तुम्ही विचारताय की आशा ठेवा आशा ठेवा म्हणतात सगळे, पण ठेवायची म्हणजे नेमकं करायचं काय.

मी आधी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होतो आणि नंतर बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन, म्हणजे पेशंटांना धीर द्यायला नेमलेला पाळक, म्हणून काम केलं, म्हणजे डायलिसिस युनिट, आयसीयू, ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचे बाक हे सगळं रोजचं. त्यामुळे इथे लिहितोय ते पुलपिटवरचं कमी आणि वॉर्डातलं जास्त आहे. आणि लांबणार आहे, सांगून ठेवतो.

आधी ते स्टेजवरचं वाक्य निकालात काढू, कारण ते डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही आत जाणार नाही. 'आजार बरा होत नाही म्हणजे विश्वास कमी' हे बायबलमध्ये बसत नाही. पौलाच्या शरीरात काटा होता, काय दुखणं होतं कोणालाच माहीत नाही, त्याने तीनदा विनवणी केली आणि उत्तर काय आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे'. काटा तिथेच राहिला. बरं, याच पौलाने तीमथ्याला लिहिलंय की तुझ्या पोटाच्या आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. म्हणजे औषधच सांगितलं की हो त्या काळचं! आणि तीमथ्यालाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे ज्याच्यावर मी आजवर कोणाला प्रवचन करताना ऐकलं नाही, की त्रफिम आजारी होता म्हणून मी त्याला मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. पौलासारखा प्रेषित, सोबतचा माणूस आजारी, आणि तो त्याला मागे ठेवून पुढे गेला. कोणाचा विश्वास कमी होता तिथे? योहानाच्या नवव्या अध्यायात तर शिष्यच विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या, आणि येशू म्हणतो दोघांच्याही नाही. तेव्हा ज्यांनी तुम्हाला ते ऐकवलं त्यांना माफ करायचं तेव्हा करा, घाई नाही, पण त्यांचं म्हणणं खरं मानू नका. आणि अशा सभांमध्ये 'बी पेरा' म्हणून पैसे मागितले किंवा 'आता गोळ्या बंद करा, डायलिसिसची गरज नाही' असं कोणी म्हणालं तर तिथून चप्पल घालून सरळ निघायचं. डायलिसिस सोडलं की काय होतं ते मी पाहिलंय, त्याचं वर्णन करत नाही.

विश्वास किती लागतो म्हणाल तर मार्कच्या नवव्या अध्यायात तो मुलाचा बाप बघा. पोरगा लहानपणापासून विस्तवात पडतोय, पाण्यात पडतोय, शिष्यांकडे आणलं त्यांच्याने काही झालं नाही, शेवटी येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात दोन्ही. येशूने त्याला परत पाठवलं नाही की बाबा आधी पक्कं ठरव आणि मग ये.

आता तुमचं बायबल उघडवत नाही ते. खरं सांगायचं तर मला हे ऐकून फार काळजी वाटली नाही, कारण बहुतेक वेळा आपल्याला उघडायला लावतात ती पानंच चुकीची असतात. दुःखातल्या माणसाला सगळे फिलिप्पैकरांस पत्रातलं 'सर्वदा आनंद करा' पाठवतात. तुम्ही स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत. सुरुवातच अशी आहे की परमेश्वरा, कुठवर मला विसरणार आहेस, कायमचाच का? 'कोठवर' हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत चारदा येतो. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं अशी विलापाची, तक्रारीची आहेत आणि आपण रविवारच्या उपासनेत गातो ती मात्र निवडून आनंदाची, त्यामुळे लोकांना वाटतं देवासमोर कुरकुर करणं म्हणजे पाप. अहो, विलापगीत नावाचं आख्खं पुस्तक आहे बायबलात!

एक प्रसंग सांगतो. आमच्या डायलिसिस युनिटला एक रिटायर्ड एसटी कंडक्टर यायचे. चार तास मशीनला लागलं की अंग गार पडायचं त्यांचं म्हणून घरची वाकळ पिशवीत घालून आणायचे, हॉस्पिटलचं ब्लँकेट नको असायचं. फिस्टुलाचा, म्हणजे मशीनच्या सुया टोचलेला, हात उशीवर सरळ ठेवलेला आणि दुसऱ्या हाताने वाकळ गळ्यापर्यंत ओढलेली. मी गेलो की आधीच सांगायचे, पाळकसाहेब, सर्व काही बऱ्यासाठीच असतं तेवढं आज नको. एक दिवस मी त्यांना स्तोत्र ८८ वाचून दाखवलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी तरी जरा वर येतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे, हे येत नाही. हेमान नावाच्या माणसाचं आहे, रात्रंदिवस ओरडतोय, मित्रांना तू माझ्यापासून दूर केलंस म्हणतोय, आणि शेवट होतो तो काळोखावर. मी थांबलो तर डोळे न उघडता म्हणाले, संपलं? म्हटलं, संपलं. 'पुढे काही नाही?' नाही. मग जरा वेळाने हसले आणि म्हणाले, असलं बायबलात ठेवलं कोणी, पुन्हा वाचा. त्यानंतर मी दिसलो की 'ते काळोखाचं आणलंय ना' विचारायचे, आणि शेजारच्या बेडवरच्या मुसलमान चाचांना पण समजावून सांगायचे की आमच्या ग्रंथात असं असं आहे.

ते बरे झाले नाहीत. दोनेक वर्षांनी गेले. पण जो माणूस देवाशी बोलायचाच बंद झाला होता तो परत बोलायला लागला, भांडत का होईना. माझ्या मते आशेची सुरुवात ती असते. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याच्याकडे आपण तक्रार घेऊन जातच नाही ना. तर ताई, एक साधी वही घ्या आणि स्तोत्र १३ च्या खाली तुमचं स्वतःचं 'कोठवर' लिहा. कोठवर हे बिल. कोठवर नणंदेचं बोलणं. कोठवर पहाटे उठून नंबर लावायचा. शुद्ध भाषा नको, आमेन पण नको वाटलं तर लिहू नका. जे बोलायची लाज वाटते तेच लिहा, म्हणजे मधेच कधी वाटतं ना की हे सगळं एकदाचं संपलं तर बरं, ते पण. माझ्यासमोर कितीतरी बायकांनी हे रडत कबूल केलंय, त्यात तुमचं प्रेम कमी आहे असं काही नसतं, थकलेलं शरीर बोलत असतं ते.

आता मुद्द्याचं, की आशा कशाची? हे स्पष्ट बोललंच पाहिजे कारण बरेच पाळक इथे गोलगोल बोलतात. मिस्टर बरे व्हावेत म्हणून प्रार्थना जरूर करा, मी पण करतो आहे, ट्रान्सप्लांटचा मार्ग निघावा म्हणूनही करा. देव करू शकतो असं मी मानतो. पण करेलच असं वचन कुठेही दिलेलं नाही, आणि ख्रिस्ती माणसाची आशा त्या एका खुंटीला टांगलेली नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असं मागितलं आणि प्याला टळला नाही. वधस्तंभावर ओरडला ते 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', आणि ते त्याच विलापाच्या स्तोत्रांमधलं आहे, स्तोत्र २२ चं पहिलं वचन. म्हणजे तुम्ही आता जिथे उभ्या आहात तिथे तो स्वतः उभा राहून गेलाय. आणि तिसऱ्या दिवशी पिता त्याला मरणातून उठवतो, हा आपल्या विश्वासाचा गाभा आहे, त्यात शेवटचा शब्द आजाराचा नाही आणि कबरेचाही नाही. त्याचा अर्थ असाही नाही की रडायचं नाही. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, लोक त्यातलं फक्त 'खेद करू नका' एवढंच उचलतात! आणि मेलेला मित्र लाजर, त्याच्या कबरेपाशी येशूला पक्कं माहीत होतं की अजून थोड्या वेळात हा बाहेर येणार आहे, तरी तो रडला.

अजून एक वचन, यिर्मया २९:११. तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर पण असेल, 'तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो', हिताचे संकल्प, आशा देणारे. छान वचन आहे, पण ते एका पत्रातलं आहे आणि पत्र कोणाला लिहिलंय ते बघा, घरदार सोडून बाबेलला कैदेत नेलेल्या लोकांना. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर घोषणा करतो की दोन वर्षांत सगळं परत येणार. लोकांना आवडलंच असणार ते, कोणाला नाही आवडणार. यिर्मया लिहितो सत्तर वर्षं. आणि पत्राची सुरुवात काय, तर घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. आपल्याकडच्या बऱ्याच हीलिंग सभा हनन्याच्या लायनीतल्या असतात असं माझं स्पष्ट मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

तुमच्यासाठी घर बांधणं म्हणजे काय, तर डायलिसिस संपल्यावर आपलं आयुष्य सुरू होईल असं धरून न बसणं. डायलिसिस असतानाचं घर उभं करायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला गाठून कागदपत्रं विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, लाजू नका. शिफ्ट बदलून मिळते का विचारा, सकाळची मिळाली तर दुपारनंतर तुम्हाला घरून काही काम धरता येईल. हे सगळं प्रार्थनेच्या उत्तरात धरायचं बरं का. लोक चमत्काराची वाट बघत बसतात आणि योजनेचा फॉर्म टेबलावर तसाच पडलेला असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चिडायचं पण सोडून दिलंय.

आणि झोपा. खरंच सांगतो. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून 'आता पुरे झालं, माझा प्राण घे' म्हणतो तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही, देवदूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, तो खातो, परत झोपतो, परत उठवून खायला घालतो. बोलणं नंतर, होरेब डोंगराला पोहोचल्यावर. दोनेक आठवडे नीट झोप नाही, भूक नाही, सारखं मरणाचं डोक्यात येतंय असं असेल तर डॉक्टरला सांगा, आणि लगेच कोणी मिळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मानसोपचाराच्या गोळीने विश्वास बाटत नाही.

आता आपल्याच मातीतली एक गोष्ट, कारण पौल आणि एलीया लांबचे वाटतात कधी कधी. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं, केडगावचं मुक्ती मिशन माहीत असतं, पण त्या बाईने काय काय सोसलं ते ओळीने लावून बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने आई, वडील, मोठी बहीण गेले, उपासमारीने. मग भाऊच काय तो राहिला होता, तो १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात मनोरमा, तान्हं बाळ. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. आता इथे लोक गोष्ट संपवतात, ख्रिस्त मिळाला आणि सगळं छान झालं. पण रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. आठ वर्षं! एवढी विद्वान बाई, आणि आतून कोरडी. त्या काळात हातावर हात ठेवून बसल्या नाहीत, १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी, कारण भूक काय असते ते तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. केडगावला विहिरी खणल्या, शेती लावली. आणि शेवटी काय झालं, १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई गेल्या एप्रिल १९२२ मध्ये, हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायचं काम शेवटपर्यंत चालू होतं. तिच्या आयुष्यात दुःख थांबलं असं एकही वर्ष मला तरी दिसत नाही. तेव्हा तुमच्या आत आज काहीच वाटत नसेल, प्रार्थना छतापर्यंत पण जात नाही असं वाटत असेल, तर तुम्ही काही वाया गेलेल्या ख्रिस्ती नाही.

मुलाचं. तो किती वर्षांचा आहे लिहिलं नाहीत, पण शाळेत जाणारा असेल तर त्याला सरळ सांगा. पप्पांच्या किडन्या काम करत नाहीत, मशीन ते काम करतं, आपण बरं व्हावं म्हणून प्रार्थना करतो, बरे होतील की नाही मला माहीत नाही, पण काहीही झालं तरी तुला कोण सांभाळणार ते ठरलेलं आहे आणि जे काही होईल ते मी तुला खरंखरं सांगीन. 'तू नीट प्रार्थना केलीस तर पप्पा बरे होतील' हे चुकूनही म्हणू नका. उद्या वाईट काही झालं तर ते पोर जन्मभर आपल्या प्रार्थनेला दोष देत बसेल, असे मोठे झालेले लोक माझ्याकडे येतात. त्याला त्याच्या शब्दांत मागू द्या. आमच्याकडे एक पोरगा रोज मागायचा की देवा आज लाईट घालवू नको, कारण जनरेटर चालू होईपर्यंत मशीन टूंटूं वाजायचं त्याची त्याला भीती होती. नर्सेस आमेन म्हणायच्या.

राहिली मंडळी. तुम्ही लिहिलंय की रविवारी जाणं बंद केलंय कारण लोक विचारतात आणि रडू येतं. कळतंय मला. तरी जा, शेवटच्या बाकावर बसा, गाऊ नका, उपासना संगीत, आपलं गीतांचं पुस्तक, हातात धरून नुसत्या उभ्या राहा, बाकीचे नारायण वामन टिळकांचं पद म्हणतायत ना, म्हणू दे त्यांना, आज तुमच्या वाटचं ते म्हणतायत. कफर्णहूमच्या त्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं तिथे मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्याचा विश्वास किती होता त्याची कोणी चौकशीच केली नाही. कोणी पुढे येऊन साक्ष द्या म्हणालं तर सरळ नाही म्हणा, साक्ष द्यायला आधी गोष्ट पूर्ण तर होऊ दे.

पण एक आहे, आपल्या लोकांना मदत करायची असते आणि काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते 'प्रार्थनेत आहे हं ताई' म्हणून मोकळे होतात. त्यांना काम द्या. महिला संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज संध्याकाळी असं काहीतरी टाका, वार आणि वेळ तुमची घाला: 'मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही दुपारी ५ पर्यंत हॉस्पिटलला असतो. मंगळवारी दोघांचा डबा आणि शनिवारी मुलाला क्लासवरून आणणं, हे या महिन्यात कोणी करू शकेल का? गुरुवारी मिस्टरांजवळ दोन तास कोणी बसलं तर मी बँकेची कामं करून येईन.' एवढंच. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' हे त्याच्या खाली लिहा, वर लिहू नका, वर लिहिलं की लोक तेवढंच वाचतात आणि आमेन टाकून जातात.